डायलिसिस कुठलं घ्यावं? आधी आठवडा मांडून पाहा

बाबांच्या किडन्या काम करत नाहीत, म्हणून मशीनने रक्त गाळून घ्यावं लागतं. त्या डायलिसिसचे वार सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. पहाटे सहाची शिफ्ट असते, त्यामुळे साडेपाचला रिक्षा सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या दाराशी लागते. अकराच्या सुमारास ते परत येतात, चार घास खातात आणि पडून राहतात. सुरुवातीच्या वर्षांत ते संध्याकाळी उठले तरी बोलायचे नाहीत. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना आई फोनवरच सांगायची, "सोमवारी नको, मंगळवारी या." मंगळवारी आलेल्या माणसाला वाटायचं, किती छान आहेत हे! सोमवारी कुणी चुकून आलंच, तर ते घाबरून परत जायचं. माणूस तोच, आजार तोच, फक्त वार वेगळा.

बाबांच्या नंतर तीन वर्षांनी बिबवेवाडीच्या मावशीच्या किडन्या मधुमेहाने गेल्या. तिने मशीनऐवजी घरीच करायचं पोटाचं डायलिसिस घेतलं. तेव्हापासून आमच्या घरात दोन्ही प्रकार जवळून पाहायला मिळाले. ओळखीत कुणाला डायलिसिस सांगितलं की फोन येतो आणि प्रश्न एकच असतो: "दोन्हींतलं चांगलं कुठलं?"

किती वर्षं जगता येतं एवढाच हिशोब केला, तर दोन्ही प्रकार मोठ्या प्रमाणात बरोबरीचे ठरतात. फरक पडतो तो वय, हृदयाची स्थिती, मधुमेह आणि सुरुवात कशी झाली यांमुळे. म्हणून खरा प्रश्न आहे, ती वर्षं कशी जातील? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एकदा ठरवलं, की चिठ्ठी टाकून काही रुग्णांना मशीनवर घ्यायचं, काहींना पोटाचं द्यायचं आणि तुलना करायची. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात जेमतेम ३८ रुग्ण होते, कारण बाकीच्यांनी चिठ्ठीला नकार दिला होता. मला त्या नकारातच बरंचसं उत्तर दिसतं. आपला दिवस कसा जाणार, हे कुणी चिठ्ठीवर सोडायला तयार होत नाही.

१६८ तासांचं काम १२ तासांत

निरोगी माणसाच्या दोन किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. हे काम रात्रंदिवस चालतं, म्हणजे आठवड्याचे १६८ तास. शिवाय त्या रक्त तयार करायला लागणारं संप्रेरक बनवतात, ड जीवनसत्त्व कामाला लावतात आणि रक्तदाब सांभाळतात. ही कामं डायलिसिस करत नाही. त्यासाठी इंजेक्शनं आणि गोळ्या वेगळ्या चालू राहतात. म्हणून "डायलिसिस करतोय, मग एवढ्या गोळ्या कशाला?" असं कुणी विचारलं तर उत्तर हे आहे.

आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर बसलं, तर बारा तास होतात. किडनी १६८ तासांत सावकाश करायची ते काम बारा तासांत उरकायचं, तेही पूर्ण होत नाही. साधारण दहा-पंधरा टक्केच भरून निघतं. मशीनच्या डायलिसिसमधले बहुतेक त्रास या घाईतून येतात. पोटाच्या डायलिसिसमध्ये ही घाई नसते, पण सुट्टीही नसते. सगळी तुलना या एका गोष्टीभोवती फिरते.

मशीनवरचा दिवस

मशीनच्या डायलिसिसला म्हणजे हिमोडायलिसिसला आधी रक्त भरपूर वेगाने बाहेर काढता येईल अशी जागा लागते. मनगटाशी किंवा कोपराशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. ही शस्त्रक्रिया १९६६ पासून जगभर होते आहे आणि अजूनही तिला तोड नाही. जोडलेली शीर जाड व्हायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात. तिच्यावर बोट ठेवलं की मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर लागते. बाबा रोज सकाळी दात घासायच्या आधी ती थरथर तपासतात. थरथर थांबली तर तो दिवस वाट पाहण्याचा नाही, त्याच तासाला फोन करायचा. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, रक्त काढू द्यायचं नाही, जड पिशवी लटकवायची नाही.

दर वेळी दोन जाड सुया टोचतात. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं. मिनिटाला पाव लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गाळणीतून फिरतं. गाळणीच्या पलीकडून औषधी पाणी वाहत असतं, मिनिटाला साधारण अर्धा लिटर. म्हणजे एका बैठकीला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं. पुण्यात एखाद्या गुरुवारी पाणी बंद असल्याची बातमी आली, की आमच्या घरात आधी टँकरचा विचार येत नाही, सेंटरच्या पाण्याचा येतो.

सुयांची सवय होते. बाबांना खरा त्रास होतो पाणी काढण्याचा. लघवी होत नाही म्हणून दोन बैठकींच्या मधे प्यायलेलं, खाल्लेलं सगळं पाणी अंगात साठतं. सेंटरला गेल्यावर आधी वजनकाटा. "आज किती आणलंत?" असं सिस्टर विचारतात, ते या पाण्याबद्दल. अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन म्हणजे ड्राय वेट. त्याच्या वर जेवढं वजन असेल, तेवढं पाणी चार तासांत ओढायचं. यालाही मर्यादा आहे. किलोमागे तासाला १३ मिलीलिटरच्या वर गेलं की हृदयावर ताण येतो. ६० किलोच्या माणसाचा हिशोब केला तर तासाला ७८० मिली, चार तासांत तीन लिटरच्या थोडं वर. चार-साडेचार लिटर घेऊन गेलं, की रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, उलटी होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग उरलेला दिवस गेलाच.

"पाणी कमी पी" एवढं सांगून भागत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. शरीरात गेलेलं साधारण ८ ग्रॅम मीठ लिटरभर पाणी धरून ठेवतं. जेवणात लोणचं, पापड, चिवडा, फरसाण असेल तर तहान लागणारच, आणि तहानलेल्या माणसासमोर तांब्या लपवणं ही क्रूरता आहे. आईने पाण्याचा पहारा सोडला आणि मिठाकडे वळली, तेव्हा घरातली भांडणं निम्मी झाली.

डायलिसिस संपल्यावर पूर्ववत वाटायला किती वेळ लागतो, हा प्रश्न ऐकायला साधा आहे, पण संशोधनात तो आयुष्याचा दर्जा मोजायला वापरतात. अनेक देशांतल्या रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत साधारण एक तृतीयांश लोकांनी दोन तासांच्या आत म्हणून सांगितलं, ४१ टक्क्यांनी दोन ते सहा तास, आणि दहातल्या एकाला बारा तासांहून जास्त लागत होते. आठवड्यातून तीनदा बारा तास म्हणजे मशीनवरच्या बारा तासांपेक्षा तिप्पट वेळ फक्त सावरण्यात जातो. डायलिसिस चार तासांचं आहे हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. जाणं-येणं, सुया काढल्यावर दाबून बसणं आणि नंतरचं पडून राहणं, सगळं धरून मोजायला हवं.

आठवड्यात एक लांब फट असते. बाबांची शुक्रवार ते सोमवार. रविवारी घरी पाहुणे, जेवण साग्रसंगीत, आणि नेमकं तेव्हाच अंगात पाणी व पोटॅशियम सगळ्यात जास्त साठलेलं. अमेरिकेतल्या २०११ सालच्या एका मोठ्या अभ्यासात या लांब फटीनंतरच्या दिवशी मृत्यूचं आणि हृदयविकाराच्या झटक्यांचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त दिसलं. रविवारचं ताट सांभाळा असं डॉक्टर सांगतात, ते यासाठी.

पुण्यात राहणाऱ्यांना आणखी एक गणित असतं, रस्त्यांचं. अनंत चतुर्दशी डायलिसिसच्या वारी आली, की पहाटे जाणं जमतं, पण अकरा वाजता लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता ओलांडून पेठेत परत येणं अशक्य. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हाही तेच. आम्ही दोन आठवडे आधी सेंटरला सांगून वार बदलून घेतो. बाहेरगावी लग्न असेल तर तिथलं सेंटर शोधा, रिपोर्ट पाठवा, स्लॉट मिळतो का पाहा. "उद्या येतो" असं बाबांना सहा वर्षांत कुणाला म्हणता आलेलं नाही.

पण हे एकांगी चित्र होईल. मशीनवर जाण्यात एक निवांतपणाही आहे. तिथे सगळं दुसरं कुणी करतं. सिस्टर, टेक्निशियन डोळ्यांसमोर असतात, आणि रक्तदाब खाली गेला तर पाय वर करायला माणूस हजर असतो. बाकीचे चार दिवस घरात आजाराचं सामानही नसतं. बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त शिक्षक असतात, पलीकडे एक रिक्षाचालक. तिघांची पहाट क्रिकेटवर आणि महापालिकेवर जाते. घरी एकटं राहणाऱ्या माणसासाठी ही सोबत फार मोठी असते, आणि कुठल्याही तक्त्यात ती धरलेली नसते.

पोटाचं डायलिसिस

आपल्या पोटातल्या आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. पोटात साखरेचं औषधी पाणी भरून ठेवलं, की रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी त्या पडद्यातून हळूहळू पाण्यात उतरतं. काही तासांनी ते पाणी काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. गाळणी शरीरातलीच वापरायची, एवढीच कल्पना. १९७६ साली अमेरिकेत पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी दिवसभर हिंडता-फिरता चालणाऱ्या या पद्धतीची मांडणी केली. तिला सीएपीडी म्हणतात.

बेंबीच्या बाजूला मऊ सिलिकॉनची नळी बसवतात. जखम भरायला दोनेक आठवडे देतात, मग शिकवणी सुरू होते. मावशी दिवसात चार बॅगा बदलते: सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणाआधी, संध्याकाळी आणि झोपताना. एका बदलाला अर्धा-पाऊण तास जातो. खोलीचं दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत घासून धुतलेले. आधी जुनं पाणी खालच्या रिकाम्या पिशवीत उतरवायचं, मग वर टांगलेलं नवं दोन लिटर पोटात घ्यायचं, टोपण लावायचं. नंतर काढलेली पिशवी काट्याला अडकवून वजन करायचं आणि वहीत लिहायचं. मग ती मोकळी. भाजी आणायला जाते, भिशीला जाते, नातवाला शाळेतून आणते.

तिला सोमवार आणि मंगळवार असा भेद नाही. पाणी रोज थोडं थोडं निघतं, त्यामुळे चढ-उतार कमी. पोटॅशियमचा बडगाही सैल असतो. बाबांच्या ताटात केळं दिसलं तर आई दचकते, मावशीला मात्र डॉक्टरांनीच थोडी फळं खायला सांगितली आहेत. आणखी एक फायदा सहज दिसत नाही: किडनीत उरलेली थोडीफार ताकद, म्हणजे जी काही लघवी होते आहे ती, पोटाच्या डायलिसिसमध्ये सहसा जास्त काळ टिकते. दिवसाला अर्धा लिटर लघवी होत असेल, तर तेवढं पाणी बिनधास्त पिता येतं. डायलिसिसवरच्या माणसाला अर्ध्या लिटरची किंमत विचारून पाहा.

आता ओझ्याची बाजू. महिन्याला एकशेवीसच्या आसपास बॅगा लागतात, म्हणजे दोनशे किलोंहून जास्त वजन. मावशीच्या एका बेडरूमच्या घरात भिंतीला लागून छतापर्यंत खोकी आहेत. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर हे कोण चढवणार, हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत, तो आपणच विचारायचा. शिवाय रविवार नाही, दिवाळी नाही, आजारपणाची रजा नाही. पोटात सतत दोन लिटर पाणी असल्यामुळे पोट पुढे दिसतं, साडी वेगळ्या तऱ्हेने नेसावी लागते, नळी लपवावी लागते. पहिले सहा महिने मावशी आरशासमोर उभी राहायची नाही. पाण्यातली साखर रक्तात शिरते, त्यामुळे वजन वाढतं आणि मधुमेहाची औषधं नव्याने जुळवावी लागतात. प्रथिनंही रोज काही ग्रॅम त्या पाण्याबरोबर वाहून जातात.

भीती असते ती जंतुसंसर्गाची. घाईत हात नीट धुतले नाहीत, टोपण लावताना बोट लागलं, तर जंतू थेट पोटात जातात. ओळखायची खूण सोपी आहे. काढलेलं पाणी स्वच्छ, पिवळसर आणि आरपार दिसणारं हवं. मावशी पिशवी वर्तमानपत्रावर ठेवते. पलीकडची अक्षरं वाचता आली तर ठीक. पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं, ताप आला, यांतलं काहीही झालं तर ती पिशवी घेऊनच दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. वेळेत औषध मिळालं तर बहुतेक वेळा बरं होतं. वारंवार झालं तर पडदा खराब होतो आणि मशीनकडे जावं लागतं. काही वर्षांनी पडदा आपोआपही थकतो. तेव्हा प्रकार बदलणं याला हार समजायचं कारण नाही. बरेच जण आयुष्यात दोन्ही प्रकार वापरतात.

नोकरी करणाऱ्यांसाठी रात्रीचं यंत्र असतं. झोपताना नळी जोडायची, आठ-दहा तास ते आपोआप पाणी भरतं आणि काढतं. सकाळी सुटं होऊन कामावर जाता येतं. हिंजवडीला किंवा चाकणला रोज दोन तास प्रवास करणाऱ्या माणसाची नोकरी अशाने टिकू शकते. खर्च जास्त असतो, रात्री वीज गेली तर काय करायचं ते शिकून ठेवावं लागतं, आणि यंत्राच्या आवाजाची सवय बायकोला किंवा नवऱ्यालाही लावून घ्यावी लागते.

अभ्यास काय सांगतात

आयुष्याचा दर्जा मोजायला प्रश्नावल्या असतात: जिने चढता येतात का, झोप लागते का, खाज येते का, आजाराचं ओझं वाटतं का, घरच्यांना आपण जड झालो असं वाटतं का. अमेरिकेतल्या २००४ सालच्या एका अभ्यासात डायलिसिस नुकतंच सुरू झालेल्यांना उपचारांबद्दल विचारलं. पोटाचं डायलिसिस घेणाऱ्यांपैकी ८५ टक्क्यांनी 'उत्कृष्ट' म्हटलं, मशीनवरच्यांपैकी ५६ टक्क्यांनी. पण त्याच प्रकल्पात वर्षभरानंतर पाहिलं, तर चालणं-फिरणं आणि एकूण तब्येत यांत मशीनवरचे जास्त सुधारले होते. पोटाच्या डायलिसिसवरचे पैशांच्या बाबतीत बऱ्या स्थितीत होते.

आणि एक सावधगिरी. पोटाचं डायलिसिस निवडणारे बऱ्याचदा तरुण, शिकलेले, आधीपासून डॉक्टरांकडे जाणारे असतात. रात्री धाप लागून दाखल झालेला माणूस मशीनवरच जातो. त्यामुळे दोन गटांची तुलना सरळ होत नाही. माझ्या मते या अभ्यासांतून एवढंच घ्यावं, की ज्याला आधी नीट समजावून सांगितलं आणि ज्याने स्वतः निवडलं, तो कुठल्याही प्रकारात जास्त समाधानी असतो.

मशीनच्या डायलिसिसमध्येही सगळं ठरलेलं नसतं. २०१० साली उत्तर अमेरिकेतल्या एका चाचणीत आठवड्यातून तीनऐवजी सहा वेळा डायलिसिस केलेल्यांची शारीरिक तब्येत त्यांच्याच सांगण्यानुसार जास्त सुधारली, हृदयही बरं राहिलं, मात्र फिस्टुलाच्या दुरुस्त्या वाढल्या. युरोपातल्या १३६० रुग्णांच्या २०२३ सालच्या चाचणीत हिमोडायफिल्ट्रेशन या सुधारित प्रकारात मृत्यूचं प्रमाण १७.३ टक्के होतं, नेहमीच्या चांगल्या गाळणीवर २१.९ टक्के. पुण्यातल्या काही मोठ्या रुग्णालयांत हा प्रकार मिळतो, विचारायला हरकत नाही.

जगभरच्या रुग्णांना आणि डॉक्टरांना एकत्र बसवून एक यादी केली गेली, की संशोधनात काय मोजलंच पाहिजे. मशीनवरच्यांच्या यादीत मृत्यू, हृदयविकार आणि फिस्टुला यांच्या बरोबरीने थकवा आला. पोटाच्या डायलिसिसच्या यादीत 'आयुष्यात सहभागी होता येणं' हे आलं. थकवा ही तक्रार म्हणून सांगायला लोक संकोचतात. सांगा. रक्त कमी असणं, झोप न लागणं, पाणी फार वेगाने काढलं जाणं, मन खचणं, यांपैकी बहुतेक कारणांवर काही ना काही करता येतं.

मन खचण्याबद्दल तर बोललंच पाहिजे. डायलिसिसवरच्या साधारण चार-पाच जणांत एकाला नैराश्य असतं. "आजारी माणूस आहे, उदास असणारच" असं म्हणून आपण ते सोडून देतो. बाबांनी एका पावसाळ्यात दोन बैठका चुकवल्या. आम्हाला वाटलं कंटाळा. तो कंटाळा नव्हता. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला आम्ही चार महिने उशीर केला.

ताटातल्या चुका

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेतात. किडनी बंद पडलेल्या माणसाला नारळपाणी धोकादायक आहे. त्यातल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. उपासाच्या ताटातही तेच: बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, राजगिरा, सगळं पोटॅशियमने भरलेलं. मशीनवरच्या माणसाने एकादशी करायची असेल तर आहारतज्ज्ञांना विचारूनच करावी. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम घातलेलं असतं, ते घरात आणूच नका. सैंधव मीठही शेवटी मीठच.

याहून मोठी चूक प्रथिनांची होते. डायलिसिसच्या आधी डॉक्टर प्रथिनं कमी करायला सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर ती वाढवायची असतात, वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम. पण जुना कागद फ्रिजवर चिकटलेलाच राहतो आणि माणूस वरण-भाताच्या पाण्यावर वाळत जातो. अंडी, पनीर, मासे, डाळी किती आणि कशा, हे नव्याने लिहून घ्या.

निवड होते कधी?

आमच्या घरात झालीच नाही. बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडली ते दाखवणारा रक्तातला आकडा, दोन वर्षं वाढत होतं. एका रात्री धाप लागली, एका रुग्णालयात दाखल केलं, मानेत नळी घालून मशीनवर घेतलं. पोटाचं डायलिसिस नावाचं काही असतं, हे कुणी सांगितलं नाही, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. मानेतल्या नळीला संसर्ग झाला, तीन आठवडे ताप. ते दिवस टाळता आले असते, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून किडनी वीस-पंचवीस टक्क्यांवर आली, की बोलणं सुरू करावं. लगेच डायलिसिस घ्या असं नाही. २०१० सालच्या एका मोठ्या चाचणीत लवकर सुरू करून काही फायदा दिसला नाही. पण तयारी लवकर हवी. ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताच्या शिरा वाचवायच्या. रक्त काढायचं, सलाईन लावायचं तर तळहाताच्या मागच्या बाजूला. फिस्टुला काही महिने आधी करून ठेवायचा.

प्रत्यारोपण शक्य असेल तर त्याचा विचार सगळ्यात आधी. ज्यांना ते झेपतं, त्यांचं आयुष्य डायलिसिसपेक्षा जास्त आणि जास्त मोकळं जातं. १९९४ च्या कायद्याने जवळच्या नातेवाइकांना किडनी देता येते. २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात आली, आणि रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांना अदलाबदल करता येते. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राची प्रतीक्षायादी आहे. नाव आपल्या नोंदणीकृत रुग्णालयामार्फत जातं.

पैशांचं बळ निवड ठरवतं, हेही खरं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मशीनचं डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांच्याकडे कागद घेऊन जावं. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे आणि पोटाच्या डायलिसिससाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये आली, पण व्यवहारात बॅगांचा खर्च अजून बऱ्याच कुटुंबांवरच पडतो. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्याला घरी उपचार घेऊन कामावर जाता आलं असतं, तो केवळ पैसे मिळतात म्हणून मशीनवर जातो आणि नोकरी गमावतो.

खूप थकलेल्या, इतर अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी डायलिसिस न घेण्याचाही मार्ग असतो. तो म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. धाप, खाज, मळमळ, वेदना यांवर उपचार चालू ठेवून शक्य तितके दिवस घरात बरे जावेत, असं पाहतात. पंच्याऐंशी वर्षांच्या आजींना विचारायला हवं, की त्यांना काय हवंय. बहुतेक घरांत तो प्रश्न मुलांनाच विचारला जातो.

मावशीचं सुरळीत सुरू झाल्यावर मी बाबांना विचारलं, "बदलायचं का? डॉक्टरांशी बोलू?" ते म्हणाले, "नको. घरात ती खोकी नकोत, आणि माझी माणसं तिथे आहेत." पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी निवडलं होतं. मग मी दुसरं केलं. महिनाभर वहीत लिहिलं, डायलिसिसनंतर पूर्ववत वाटायला किती तास लागले: नऊ, अकरा, दहा, बारा. ती वही डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी शांतपणे वाचली. बैठक चारवरून साडेचार तासांची केली, मशीनच्या पाण्याचं तापमान थोडं उतरवलं, ड्राय वेट पुन्हा तपासलं. घरी आम्ही पापड बंद केले.

दोन महिन्यांनी वहीत चार तास लिहिले होते. परवा बुधवारी संध्याकाळी सहाला मी घरी आलो, तर बाबा घरात नव्हते. सारसबागेत गेले होते.